सेकंड माल

गाडी दोनला पोचली. एप्रिल.
साखर पेठेत रिक्षावाल्यानं विचारलं, कुणाकडं?
राजलिंगम यमुल, मी म्हटलं, आठ मागांचा कारखाना.
"बहिरा राजलिंगम? माग गेले की भंगारात."
अकरा वर्षं.
माग गेले ते कान घेऊन गेले.

दार उघडंच होतं.
तो लुंगीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होता,
मोठमोठ्यानं मोजत, तेलुगूत,
स्वतःचा आवाज स्वतःपर्यंत पोचत नसल्यासारखा.
वर पाहिलं. डझन पुरा केला.
तेरावा बाजूला ठेवून म्हणाला,
"तिन्नावा?"
जेवलीस का.
जणू मी शाळेतून आले होते.

एक वाक्य घोटून आणलं होतं मी.
मोहोळपासून ते हळू आवाजात बसवत होते.
हळू बोललेलं जास्त लागतं,
हे त्याच्याकडूनच शिकलेलं.
आता बहिऱ्या माणसाला हळू कसं बोलायचं?
ओरडले असते तर अख्ख्या बोळातल्या बायकांनी
विड्या वळायच्या थांबवून ऐकलं असतं.

मग आठवलं.
माग चालू असताना या घरात
आवाजानं कुणीच बोलत नसे.
अम्मा चुलीपाशी ओठ हलवायची,
तो मागांपलीकडून वाचायचा:
मीठ संपलंय. पोरीला ताप आहे.
सूतवाल्याचा माणूस दारात उभा आहे.
मी अक्षरांच्या आधी ओठ शिकले.
आणि हेही, की ऐकायचं नसलं
की तो नुसती मान वळवायचा. विषय बंद.
बारावीनंतर, पुढं शिकायचंय, म्हटलं
तेव्हा साडेतीन महिने
माझ्याकडं बघितलं नव्हतं त्यानं.
चौथ्या महिन्यात मी पुण्यात होते.

उकिडवी बसले त्याच्यासमोर.
बिनआवाजी म्हटलं:
अम्मा गेली, ते तिसऱ्या दिवशी कळवलंस मला.
तेही शेजारच्या पोराकडून.

वाटलं, आता वळवेल मान.
नाही वळवली.
दात गेलेले, ओठ वाचायला जड जात होते.
"पहिल्याच रात्री केला फोन. सिव्हिलमधनं,
कुणाच्या तरी मोबाईलवरनं.
पलीकडं कोण हाय, हाय की नाही, कळेना.
आपलं सांगत राहिलो.
मग त्या माणसानं मोबाईल परत मागितला."

पावणेअकरा वाजले होते.
अनोळखी नंबर.
"अंबुजा," एवढंच ऐकलं होतं मी, आणि कट केला होता.

तुटलेला धागा, मारलेली गाठ, असलं काही
इथं कुणी म्हणू नये.
मी मागवाल्याची पोर आहे.
गाठ दिसली की टॉवेल सेकंडमध्ये जातो,
मंगळवारच्या बाजारात, किलोवर.
तो बाजूला ठेवलेला तेरावा,
त्याला काय झालं होतं बघावं म्हणून हात नेला,
तर त्यानं ओढून घेतला.

"चहा ठेव," म्हणाला.

मोरीपाशी गेले. दोन कप. एकाचा कान गेलेला.
नळ बारीक सोडला.
मागं मोजणी सुरू झाली,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि मी त्याच्याकडं पाठ करून
चांगलं खणखणीत म्हटलं:
मी ओळखला होता आवाज, नायना.
ओळखून ठेवला होता फोन.

बोळात कुणाचं तरी सूप जमिनीवर टेकलं.
एनिमिदी. तोम्मिदी.
मग काहीच नाही.

मान वर केली तेव्हा दिसला
खिळ्याला टांगलेला त्याचा दाढीचा आरसा.
त्यात माझी हनुवटी, माझे ओठ,
आणि बाकी सगळं उन्हानं पांढरं.
तिथून तो दिसत होता का, सांगता येत नाही.
मागं वळून बघायचं धाडस
मला झालं नाही, आधणाला उकळी फुटेपर्यंत.

मग पुन्हा पहिल्यापासून,
जरा कमी मोठ्यानं:
ओकटी.
रेंडू.